मेंढा अंग झाडीना

बोटीचं काय करायचं हे मेंढ्याला विचारायचं ठरलं, आणि या एका गोष्टीवर घरातल्या पाचही जणांचं एकमत झालं. गेल्या पोळ्यापासून या घरात चहात साखर किती टाकायची यावरही एकमत झालेलं नव्हतं, त्यामुळं सगळेच जरा बावरले.

सोमवारपर्यंत बोट हलवणं भाग होतं. बिडकीनच्या अलीकडं, रस्त्याला लागून मल्हाररावांचा मेंढरांचा वाडा. रस्ता रुंद होणार म्हणून मोजणीवाले चुन्याची रेघ मारून गेले, ती नेमकी बोटीच्या पोटाखालून गेली. अठरा फूट लांब, लोखंडी पत्र्याची, मागं इंजिन लटकलेलं अशी ही बोट तेहतीस वर्षं लिंबाखाली विटांवर बसून होती. नाथसागर धरणाचं पाणी इथून दिसतसुद्धा नाही. मेंढरांनी तिची गव्हाण केली होती, कोंबड्या तिच्या टोकाला अंडी घालत आणि मल्हारराव आंघोळीनंतर इंजिनाच्या पंख्यावर टॉवेल वाळत घालत. सून योगिनी लग्न होऊन आली त्या दिवशी तिनं अदबीनं विचारलं होतं, "मामा, एवढी मोठी गव्हाण कुठून आणली?" सासरा दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता.

शनिवारी सकाळी योगिनीचा नवरा खंडेराव बजाजनगरहून हायड्रा क्रेन आणि ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊनच हजर झाला. वाळूजच्या कंपनीत तो माल तपासायच्या खात्यात होता आणि घरातल्या माणसांकडंही तो त्याच नजरेनं बघायचा.

"आबा, भंगारवाला दुपारी येतो म्हणतोय," तो म्हणाला. "पत्रा सडलाय. इंजिन बसलंय. विषय संपला."

"भंगारवाल्यानं आधी तुला न्यावं," मल्हारराव म्हणाले. "पैठणचा मिस्त्री म्हनला, टाकी उघडू, इंजन उघडू, महिन्यात पान्यात सोडू. मी मरायच्या आत मला बोट पान्यात बघायची हाय."

"तुम्ही कुठं मरताय?" धुण्याच्या दगडावर बसलेली सरिता म्हणाली. मल्हाररावांची ही थोरली लेक पाचोडला दिलेली. निरोप मिळताच पहिल्या गाडीनं आली होती. "आबा, बोट नीटच करा. मी सहा वर्सांची असताना तुम्ही मला म्हनले व्हते, उद्या तुला बसवतो. मी आता चाळिशीला टेकले. मपला उद्या कवा येनार?"

तिकडं चुलीजवळ मल्हाररावांची बायको बानाबाई भाकरी थापत होत्या. 'टाकी उघडू' हे शब्द कानावर पडले आणि भाकरी तव्यावर न पडता चुलीत पडली. कुणाचं लक्ष नव्हतं.

योगिनी खरं तर नवऱ्याच्या बाजूची. पण ती बोटीचा फोटो काढायला म्हणून मोबाईल घेऊन गेली, आणि स्क्रीनवर लिंबाची सावली, गंजलेला पत्रा आणि मागं उभी मेंढरं बघून तिचं मन एकाएकी फिरलं.

"अहो, विकायची नाही," ती परत येऊन म्हणाली. "रंग मारू. लग्नाआधी जोडप्यांचे फोटो काढतात ना, प्री-वेडिंग. संभाजीनगरातून लोक येतील. पाण्यात सोडायचीपण गरज नाही."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" खंडेराव म्हणाला.

"बोटीच्या."

सरितानं भावजयीकडं रोखून बघितलं. योगिनी आपल्या बाजूला आली म्हणजे आपल्या बाजूत काहीतरी खोट असणार, हा तिचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. "मंग राहू द्या आबा," ती उठून म्हणाली. "खंडूचं बरोबर हाय. भंगारात घाला."

"तुपला उद्या गेला का चुलीत?" मल्हारराव ओरडले.

"मी परक्यांचे फोटो काढायला न्हवते बसनार बोटीत."

असे दोन दोन झाले. बानाबाईंचं मत पाचवं, पण ते विचारावं असं कुणाला सुचलं नाही. मग मल्हाररावच म्हणाले, "मानसाचं कायच खरं नाय. देवाला इचारू. सायबाला आना."

सायब हा कळपातला थोरला मेंढा. जमिनीवर पडलेला पाला खात नाही, हातात धरावा लागतो, म्हणून सायब. देवाला मेंढा दाखवताना त्याच्या अंगावर पाणी टाकतात. त्यानं अंग झाडलं की देवानं होकार दिला असं धरतात, आणि मग मेंढा कापतात. आज कापायचा नव्हता, नुसता विचारायचा होता, पण हे सायबाला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला बोटीपुढं आणलं, कपाळाला भंडारा लावला. तो चार पाय चार दिशांना रोवून उभा राहिला.

मल्हाररावांनी हात जोडले. "देवा मल्हारी, बोट नीट करायची असंल तर अंग झाड."

"थांबा!" खंडेराव मधे आला. "हे चालणार नाही. ओलं जनावर अंग झाडणारच. तुम्ही विचाराल त्याला 'हो'च येणार. मी म्हणतो, विकायची असेल तर झाड, असं विचारा."

"देवाला उलटं इचारत नाय कुनी."

"मग टाइम लिमिट ठेवा. तीन रीडिंग घेऊ. दर वेळी पाच मिनिटं. तीनपैकी दोनदा झाडलं तर रिपेअर, नाहीतर भंगार."

"देवाचं रीडिंग घेतो का रं तू?" मल्हारराव म्हणाले. पण हायड्रावाला वरून ओरडला की मी एकपर्यंतच थांबणार, पुढं वाळूजला काम आहे. त्यामुळं देवालाही वेळेचं बंधन पडलं. पाणी कुणी ओतायचं यावर पुन्हा वाद. योगिनी ओतेल तर ती बर्फाचं ओतेल, सरिता ओतेल तर ओतल्यासारखं करेल. शेवटी बानाबाईंचं नाव निघालं. त्या कुणाच्याच बाजूला नाहीत, असं सगळ्यांनी ठरवलं.

बानाबाईंनी कळशी आणली आणि डावा हात सायबाच्या मानेमागं ठेवून उजव्या हातानं पाणी सोडलं.

सायब हलला नाही. मोबाईलवर पाच मिनिटं झाली. खंडेरावानं "एक" म्हटलं.

दुसऱ्या खेपेला मल्हाररावांनी 'यळकोट' केलं. तिकडं लिंबाखाली बसलेली चाळीस मेंढरं दचकून उठली आणि त्यांनी अंग झाडलं. कोरड्या कुत्र्यानंसुद्धा झाडलं. सायब डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता.

"दोन," खंडेराव म्हणाला. "तिसऱ्याची गरज नाही खरं तर."

"तिसरं घ्यायचंच!" मल्हाररावांचा आवाज चिरकला. त्यांना खरोखर रडू येत होतं. बोट त्यांनी सरकारी लिलावात घेतली तेव्हा सगळा तालुका हसला होता. धनगराला बोट कशाला? पण उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की मधल्या बेटांवर गुडघाभर गवत उभं राहतं, आणि तिथं मेंढरं नेणारा आपण पहिला माणूस असू, हे त्यांना दिसत होतं. धाकटा भाऊ बन्सी यानं पैठणच्या एका मिस्त्रीकडून इंजिन मिळवून दिलं. पहिल्या दिवशी बावीस मेंढरं चढवली. पाण्याच्या मध्यावर एका मेंढीनं उडी मारली. एकीनं मारली म्हटल्यावर बाकीच्या एकवीस का थांबतील? त्यांच्यामागं मल्हाररावांनीही मारली, पोहता येत नसताना. बन्सीनं त्यांना फेट्याला धरून वर ओढलं. मेंढरं आपली आपण काठाला लागून चरायलाही लागली होती. त्या संध्याकाळी भिजलेले मल्हारराव घरी येऊन म्हणाले, मेंढरांना नाय जमत, उद्या पोरांना बसवतो.

दुसऱ्या दिवशी इंजिन दोनदा खोकलं आणि कायमचं बसलं.

ते बसलं कसं, याचं उत्तर मल्हाररावांनी आठ दिवसांत शोधलं. पाचोडच्या भरल्या बाजारात त्यांनी बन्सीची गचांडी धरली: सडकं इंजन गळ्यात मारलं, सख्ख्या भावाला फशिवलं. बन्सीनं तिथल्या तिथं भंडारा उचलून शपथ घेतली की इंजिन चांगलं होतं. "खोटी आन घेतो देवाची!" मल्हारराव म्हणाले, आणि ते दोनशे माणसांनी ऐकलं. भंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याशी कोण व्यवहार करणार? बन्सीचं मेंढरांचं गिऱ्हाईक तुटलं, सोयरीकवाले मागं फिरले. त्या दिवसापासून भाऊ भावाच्या दारात गेला नव्हता. बन्सीची बायको गोजर गेली, तेव्हाही नाही.

आणि इंजिनाला पुढं चार-पाच वर्षं मुंगळे लागत. टाकीच्या झाकणाभोवती काळी रांग. मल्हारराव त्यांना कणीक घालत आणि हा देवाचा काहीतरी संकेत आहे असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. लोखंडाला मुंगळे का लागावेत, हे कुणी विचारलं नव्हतं.

बानाबाईंनी तिसऱ्यांदा कळशी कलती केली. सायबासारखं जनावर पन्नास वर्षं हाताखालून गेलेलं. पाणी उन्हात कोमट करून, लोकरीच्या कलानं, धार न तोडता सोडलं आणि कानामागची शीर अंगठ्यानं दाबून धरली, तर मेंढा जागचा हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. अजून पाच मिनिटं. मग बोट भंगारात जाईल, टाकी कुणी उघडणार नाही. देवा, तुझ्या नावानं मी फसवतेय, पण एवढी एक वेळ. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि तरी अंगठा सुटत नव्हता.

योगिनीनं पाण्यात बोट घातलं. "आत्या, हे तर कोमट आहे."

"उन्हानं झालं असंल."

"आणि तुमचा हात..." योगिनी वाकली. "हात काढा बरं त्याच्या मानेवरचा."

"ऱ्हाऊ दे गं."

"आत्या, हात काढा."

बानाबाईंनी हात काढला. सायबानं शेपटापासून शिंगापर्यंत असं अंग झाडलं की पाचही जण भिजले.

"झाडलं! देव बोलला!" मल्हारराव नाचायलाच लागले. खंडेराव म्हणाला, हे रीडिंग बाद आहे, प्रेशर काढलेलं आहे. सरिता म्हणाली, तीनपैकी एकच झालं. योगिनी म्हणाली, पहिली दोन बाद धरा. "लाव रं मिस्त्रीला फोन," मल्हारराव म्हणाले. "म्हनावं आजच ये, आन पयली टाकी उघड."

"टाकीत काकवी हाय," बानाबाई म्हणाल्या.

कुणाला कळेना. त्या कळशी खाली ठेवून बोटीच्या पत्र्याला टेकल्या.

"मी टाकली व्हती. तांब्याभर. तुम्ही म्हनले, उद्या पोरांना बसवतो. सरी सहा वर्सांची, खंडू तीन. तुम्ही सोता पान्यातून फेट्याला धरून काढलेले. मला दुसरं काय सुचलं नाय. इंजन बसलं ते काकवीनं. भावजींनी काय केलं नव्हतं."

मल्हाररावांनी जे विचारलं ते असं: "कोन्त्या गुळाची?"

"आबा!" सरिता म्हणाली.

"नाय, मुंगळे..." ते म्हणाले, आणि बोटीच्या सावलीत मटकन खाली बसले. "मी त्यांला कणीक घालायचो."

खंडेरावाला हसू आलं. ते त्यानं तोंडावर हात ठेवून दाबलं आणि मग वडिलांकडं बघून त्याचं हसू गेलं.

"आन बन्सीनं भंडारा उचलला तवा?" मल्हारराव म्हणाले. "तवा कामून नाय बोललीस?"

"भ्याले. तुम्ही बाजारातनं येऊन तेच तेच सांगत व्हते, मी बेइमान भाऊ तोडला, मी बेइमान भाऊ तोडला. म्हनलं, आज नाय, उद्या सांगते. मंग उद्या नाय जमलं. मंग वरीस झालं. गोजर गेली तवा मला जायला तोंडच नव्हतं." बानाबाई रडत नव्हत्या. रडणं त्यांना स्वतःवरची मेहेरबानी वाटली असती.

मल्हाररावांनी हात पुढं केला. "फोन द्या कुनीतरी. बन्सीचा नंबर कुनाजवळ हाय?"

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. या घरात ते नाव घ्यायला बंदी होती. सरितानं हळूच मोबाईल काढला. "मपल्याजवळ हाय. दर बाजारी भेटते मी काकाला. चहा पितो आमी."

"मीपण," योगिनी म्हणाली. "म्हणजे चहा नाही. पण दिवाळीला फोन करते."

"मीपण," खंडेराव म्हणाला आणि जमिनीकडं बघायला लागला.

तेहतीस वर्षांच्या बंदीत मल्हारराव एकटेच होते, हे त्यांना आज कळलं. फोन लागला. सरितानं आवाज मोठा केला.

"बोल, सरे," पलीकडून म्हातारा आवाज आला.

"मी हाय. मल्हारी."

मल्हारराव फोनकडं वाकले.

"बन्सी, इंजन चांगलं व्हतं."

"ते मला तेहतीस वर्सापास्नं ठाव हाय," बन्सी म्हणाला. "तुला आज कुनी सांगितलं?"

बानाबाईंनी पुढं होऊन फोन हातात घेतला. "भावजी, मी सांगितलं. टाकीत काकवी मी टाकली व्हती. पोरांना पान्यात नेतील म्हनून. तुमची आन खरी व्हती."

खंडेरावानं फोन कट झाला का ते वाकून बघितलं.

"वैनी," बन्सी म्हणाला, "गोजर जायच्या आधी मला काय म्हनली सांगू? म्हनली, आता मी चालले, आता तरी खरं सांगा. भावाला फशिवलं व्हतं का? माझ्या बायकोला सुदिक शेवटपत्तूर पक्कं नव्हतं."

बानाबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. "भावजी, मी काय करू ते सांगा," त्या म्हणाल्या. "पाया पडते म्हनले तरी ते कमीच हाय."

"फोनवर नको काय. त्यो बाजारात बोलला व्हता. उद्या बाजार हाय. बोट आना पाचोडला. लोकांम्होरं टाकी उघडा. जी मानसं व्हती त्यातली निम्मी मेली, पर निम्मी हायेत अजून. त्यांनी बघू द्या. आन जेवन इथंच करा."

फोन ठेवल्यावर पहिल्यांदा खंडेराव बोलला. "चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर बोट न्यायची? रस्त्यानं? माफी मागायला?"

"तूच ट्रॉली आनली ना?" सरिता म्हणाली.

"ती भंगारासाठी..."

"नीट करायची का भंगारात घालायची, ते मंग बघू," बानाबाई म्हणाल्या. "आधी पाचोड." इतकी वर्षं या घरात त्यांनी कधी हुकूम केला नव्हता, त्यामुळं तो मोडायचा कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. खंडेरावानं हायड्रावाल्याला खूण केली.

बोट वर उचलली गेली. तीन कोंबड्या ओरडत बाहेर पडल्या आणि मागून तेहतीस वर्षांच्या लेंड्या घळाघळा कोसळल्या. हायड्रावाल्यानं काच वर केली. बोट ट्रॉलीत बसली, दोरांनी आवळली, इंजिनाच्या टाकीवर सरितानं स्वतःचा रुमाल बांधला, वाटेत कुणी उघडू नये म्हणून.

"आत्या, तुम्ही आमच्यासोबत गाडीवर चला," योगिनी म्हणाली.

"नाय. मी यातच बसते." बानाबाईंनी लुगड्याचा ओचा आवळला, ट्रॉलीच्या चाकावर पाय दिला आणि बोटीत चढल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

मल्हारराव मागून चढले. बायकोकडं न बघता ते इंजिनाशेजारी तोंड फिरवून बसले. ट्रॅक्टर निघाला. रस्त्यावर मोटारसायकलवाले थांबून बघायला लागले, एकानं हात केला, दुसऱ्यानं व्हिडिओ सुरू केला. पहिल्या खड्ड्यात बोट डुलली आणि बानाबाईंनी दोन्ही हातांनी कड घट्ट पकडली.

"भ्या वाटतं का?" मल्हाररावांनी तोंड न वळवता विचारलं. फोननंतर त्यांनी तिला विचारलेलं हे पहिलंच.

"व्हय."

"तवाबी येवढंच सांगायचं व्हतं, भ्या वाटतं म्हनून. मी नसतं नेलं पोरांना."

"सांगितलं व्हतं," बानाबाई म्हणाल्या. "तीन येळा."

बिडकीन मागं गेलं, कपाशीची शेतं सुरू झाली. मल्हाररावांनी ती संध्याकाळ आठवून बघितली. स्वतःचं सगळं बोलणं त्यांना शब्दन् शब्द आठवलं. तिचं एकही आठवलं नाही.

ते उठले, डुलत्या बोटीत चाचपडत पुढं आले आणि तिच्या शेजारी बसले.

"उद्या बाजारात आधी मी बोलतो," ते म्हणाले. "मंग तू."